स्पार्क्स : घर लॉस अँजलिसात, नाव लंडनात

टेपवाला

'स्पार्क्स' हा बँड रॉन आणि रसेल मेल या सख्ख्या भावांचा. रॉन १९४५चा, रसेल १९४८चा. लॉस अँजलिसच्या पश्चिम भागात वाढले, यूसीएलएत शिकले. वडील वर्तमानपत्रात चित्रकार होते, पोरं शाळेत असतानाच वारले. म्हणजे घर पक्कं कॅलिफोर्नियाचं. तरी 'स्पार्क्स' हा इंग्रजांचा बँड, अशीच पुष्कळांची समजूत आजही आहे.

आकडे बघा. 'धिस टाउन एन्ट बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस' हे गाणं १९७४मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पाठोपाठ आलेलं 'अ‍ॅमॅच्युअर अवर' सातव्या. दोन्ही ज्यात आहेत तो 'किमोनो माय हाउस' हा आल्बम चौथ्या. अमेरिकेत त्याच आल्बमला पहिल्या शंभरात जागा मिळाली नाही. मायदेशात त्यांचं सर्वांत वर चढलेलं गाणं म्हणजे १९८३चं 'कूल प्लेसेस', तेही ४९व्या पायरीपर्यंतच, आणि तेव्हा सोबत गो-गोज या बँडची जेन वीडलिन होती.

सुरुवात अमेरिकेतच झाली होती. बँडचं मूळ नाव हाफनेल्सन. पहिला आल्बम टॉड रंडग्रेनने केला, कंपनी अल्बर्ट ग्रॉसमनची, म्हणजे बॉब डिलनच्या मॅनेजरची. आल्बम खपला नाही. ग्रॉसमनला वाटलं नाव बदलून बघू. मार्क्स ब्रदर्ससारखे विनोदी दिसताय, तर 'स्पार्क्स ब्रदर्स' म्हणा. पोरांना 'ब्रदर्स' पसंत नव्हतं, 'स्पार्क्स' तेवढं ठेवलं. दुसरा आल्बमही पडला. १९७२च्या शेवटी ते लंडनला वाजवून आले आणि मार्की क्लबात त्यांच्या आधी वाजवायला कोण होतं, तर क्वीन! तेव्हा क्वीनचा एकही आल्बम आलेला नव्हता. १९७३मध्ये दोघं भाऊ जुन्या साथीदारांना अमेरिकेतच सोडून लंडनला राहायला गेले, आयलंड रेकॉर्ड्सने घेतलं, नवे इंग्रज वादक जमवले. मेलडी मेकर या संगीताच्या साप्ताहिकातल्या त्यांच्या जाहिरातीत अट होती की येणाऱ्याला दाढी नसावी.

माझं म्हणणं असं की ही 'इंग्रजांना कळलं, अमेरिकनांना कळलं नाही' अशी अभिरुचीची भानगड नाही. गाणं लोकांपर्यंत पोचवायची दोन्ही देशांतली यंत्रणाच वेगळी होती. सविस्तर पुढे लिहितो, आधी मंडळींची मतं येऊ द्या.

अबोली_सांगली

रोचक. नावसुद्धा ऐकलं नव्हतं. वाचतेय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खवचट_आजोबा

टेपवाले, यंत्रणाबिंत्रणा राहू द्या. एक भाऊ देखणा, कुरळ्या केसांचा, स्टेजभर उड्या मारणारा. दुसरा की-बोर्डमागे शर्ट-टाय घालून, हिटलरछाप मिशी ठेवून, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बसलेला. महायुद्ध संपून तीस वर्षंही झाली नव्हती. लोक दचकले आणि रेकॉर्ड घेऊन आले. सगळी कमाई मिशीची आहे.

वायव्य_लंडन

आजोबा, मिशीचा वाटा आहेच. इथे साठी ओलांडलेल्या कुणाकडेही विषय काढा, गाण्याआधी त्या नजरेबद्दल बोलतात. माझ्या आधीच्या ऑफिसातल्या एक बाई सांगायच्या की त्या सोफ्यामागे जाऊन लपल्या होत्या. जॉन लेननने म्हणे रिंगोला फोन करून सांगितलं की टीव्हीवर हिटलर पियानो वाजवतोय, लवकर लाव. ही दंतकथा समजूनच ऐकायची, पण इथे सगळ्यांना पाठ आहे. की-बोर्डवाल्या रॉनचं स्वतःचं म्हणणं मिशी चॅप्लिनची. पुढे त्याने ती बदलून पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक केली.

पण ते दचकायला आधी दिसायला हवेत ना? इथेच टेपवाल्यांचा मुद्दा येतो. तेव्हा ब्रिटनमध्ये टीव्हीची चॅनेलं तीन. 'टॉप ऑफ द पॉप्स' बीबीसीवर गुरुवारी संध्याकाळी, जेवणाच्या सुमारास. आजी, आईबाप, पोरं, सगळे एकाच खोलीत एकच कार्यक्रम बघणार. दुसऱ्या दिवशी सबंध देशाच्या शाळांमध्ये विषय एकच. एका संध्याकाळी तीन मिनिटं मिळाली की काम झालं.

आणि ती तीन मिनिटंही पहिल्या झटक्यात मिळाली नाहीत. आधी एकदा बोलावणं आलं होतं, पण अमेरिकन असल्यामुळे वादकांच्या युनियनचे कागद पुरे नव्हते. ऐनवेळी त्यांच्या जागी रुबेट्स नावाच्या बँडला घेतलं, असं सांगतात. त्याच रुबेट्सचं 'शुगर बेबी लव्ह' पुढे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं आणि स्पार्क्सना दुसऱ्यावरच अडकवून ठेवलं.

अबोली_सांगली

अरेरे! कागदपत्रांनी घात केला. सगळीकडे तेच.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण यंत्रणेचा मुद्दा मला अर्धवट वाटतो. क्वीनलाही तीच बीबीसी मिळाली आणि नंतर त्यांनी अमेरिकाही घेतली. एल्टन जॉनने घेतली. म्हणजे अमेरिकेत दार बंद नव्हतं. स्पार्क्सच आत गेले नाहीत, ते का? माझं उत्तर सरळ आहे. त्यांची गाणी बुद्धिमान टवाळीची आहेत, आणि १९७४च्या अमेरिकन रॉकला टवाळी चालत नव्हती. तिथे गायकाने मनापासून गायलंय असं वाटायला लागायचं. डेनिम, दाढी, वीस मिनिटांचा गिटारचा तुकडा. त्यात हे दोघं गाणार कशावर, तर पोरीबरोबर प्राणिसंग्रहालयात जाणाऱ्या आणि तिथलं प्रत्येक जनावर अंगावर येतंय असं वाटणाऱ्या पोरावर. लोकांना कळेना की हसायचं की काय करायचं.

टेपवाला

शंकासुर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. क्वीन अमेरिकेत शहरामागून शहर करत हिंडले, वर्षानुवर्षं. अमेरिकेत एक बीबीसी नव्हती. शेकडो रेडिओ स्टेशनं, प्रत्येकाचा ठरलेला साचा. एफएमवर लांबलचक रॉक, एएमवर टॉप फॉर्टी म्हणजे यादीतली हिट गाणी, कृष्णवर्णीयांचं संगीत वेगळ्या स्टेशनांवर, कंट्री आणखी वेगळ्या. स्पार्क्सचं गाणं तीन मिनिटांचं, म्हणजे एफएमला फार छोटं. आवाज चिरका आणि चाल दर दहा सेकंदाला वळणारी, म्हणजे एएमला फार विचित्र. कुठल्या खणात ठेवायचं? ज्याला खण नाही ते वाजत नाही. ब्रिटनमध्ये देशभर ऐकू येणारं पॉपचं स्टेशन म्हणजे बीबीसीचं रेडिओ वन, त्यात सगळंच एकापाठोपाठ एक वाजायचं, त्यामुळे खणाचा प्रश्नच आला नाही. टवाळी अमेरिकेला कळत नव्हती असं नाही. टवाळी ऐकवायला कुणी तयार नव्हतं.

षड्जपंचम

संगीताचं कुणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो. 'धिस टाउन' ऐकताना रसेल इतक्या वर का गातोय हे कळायला पडद्यामागची गोष्ट माहीत हवी. रॉनने चाल पियानोवर बांधली, ए या सुरात, आणि गाणारा कुठपर्यंत जाऊ शकेल याचा विचारच केला नाही. रसेलला ती पट्टी झेपणारी नव्हती. कुठल्याही घरात गाणं दोन सूर खाली घेतलं असतं. रॉनने साफ नकार दिला. गाणं ए मध्ये लिहिलंय तर ए मध्येच गायचं. धाकट्याने मुकाट्याने खोटा आवाज, म्हणजे फॉल्सेटो, लावला आणि तीच स्पार्क्सची ओळख ठरली. शब्द इतके ठासून भरलेले की श्वास घ्यायला फट नाही. मधे बंदुकीचे बार.

हार्मोनियमवर ते पियानोचं तोंड वाजवून बघितलं. दिसतं सोपं, पण डावा हात कुठेही विसावत नाही. साथीच्या मात्रा मोजत बसलात तर हमखास चुकता.

अवांतर: रॉनच्या की-बोर्डवर पाठीमागे 'रोलंड' कंपनीचं नाव असायचं. पठ्ठ्याने अक्षरं इकडची तिकडे करून 'रोनाल्ड' करून टाकलं.

खवचट_आजोबा

हे 'रोनाल्ड' प्रकरण आवडलं. मिशीचे दोन गुण परत घेतो.

एलएचा_पाटील

मी पंचवीस वर्षं इथे राहतोय, त्यामुळे थोडी वेगळी बाजू. अमेरिकेत त्यांना कुणी ओळखत नाही हे सरसकट विधान लॉस अँजलिसला लागू नाही. १९७६मध्ये दोघे भाऊ परत इथे आले आणि मग कायम इथेच राहिले. ऐंशीच्या सुरुवातीला केरॉक नावाचं स्टेशन त्यांची गाणी भरपूर वाजवायचं. १९८२मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमात गाऊन आले. त्याच वर्षीच्या आल्बमच्या मुखपृष्ठावर रसेल नवरदेव आणि रॉन नवरी, मिशीसकट. माझ्या शेजारचा मेक्सिकन म्हातारा तो आल्बम अजून भिंतीला लावून बसलाय. जुलै २०२३मध्ये हॉलिवूड बोल या खुल्या नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम झाला, आपल्याच गावात, आणि तिथे आलेले लोक काही इंग्लंडहून आलेले नव्हते.

पण हेही खरं की शहराच्या हद्दीबाहेर पडलात, नेवाडात शिरलात, की विचारणारं कुत्रं नाही.

शंकासुर

पाटीलसाहेबांनी माझं काम केलं. बघा, केरॉक हे स्टेशन अमेरिकेतच होतं ना? ते वाजवत होतं ना? मग बाकी देशात का पसरलं नाही? एकाच देशात एका शहराला आवडतं आणि बाकीच्यांना नाही, म्हणजे अभिरुचीच की.

टेपवाला

एक स्टेशन एका शहरापुरतं पोचतं. रेडिओ वन सबंध देशाला एकाच वेळी पोचायचं. फरक तो आहे. केरॉकवरून आयोवाच्या पोराला काही ऐकू जात नव्हतं.

पण एक गोष्ट मान्य करतो. १९७६-७७मध्ये ते अमेरिकेत परतल्यावर जे केलं ते फसलंच. इंग्रज वादक सोडले, 'बिग बीट' नावाचा गिटारवाला आल्बम केला, 'रोलरकोस्टर' नावाच्या आपत्तिपटात स्टेजवर गाताना दिसले. अमेरिकेला आवडेल असं काहीतरी करायच्या नादात ना इकडचे राहिले ना तिकडचे. ब्रिटनमध्येही विसरले गेले. तिथेच कारकीर्द संपली असती.

यापुढची गोष्ट मला सर्वांत आवडते. डॉना समरचं 'आय फील लव्ह' हे डिस्को गाणं ऐकून दोघं वेडे झाले होते. एका जर्मन पत्रकार बाईने मुलाखतीत विचारलं, पुढे काय? यांनी ठोकून दिलं की त्या गाण्याचा निर्माता जॉर्जिओ मोरोडर याच्याबरोबर काम करतोय. मोरोडरची ओळखदेखील नव्हती! नेमकी ती बाई मोरोडरच्या ओळखीची निघाली, आणि थापेतून खरोखरच भेट जमली. मग १९७९चा 'नंबर वन इन हेवन'. गिटार हद्दपार. मोरोडरचे सिंथेसायझर, ढोलाला कीथ फोर्सी, वर रसेलचा तोच उंच आवाज. दोन माणसं, एक गातो, एक यंत्रांमागे निर्विकार उभा. पुढे ऐंशीच्या दशकात पेट शॉप बॉइज, सॉफ्ट सेल, इरेजर असल्या जोड्यांची रांग लागली, तिचा नमुना इथला. 'द नंबर वन साँग इन हेवन' ब्रिटनमध्ये १४व्या क्रमांकावर, 'बीट द क्लॉक' १०व्या. अमेरिकेत? काही नाही. नंतरच्या वर्षी 'व्हेन आय एम विथ यू' फ्रान्समध्ये गाजलं. १९९४-९५ला 'व्हेन डू आय गेट टु सिंग माय वे' जर्मनीत पहिल्या दहात गेलं. दर वेळी देश नवा, दर वेळी अमेरिका वगळून.

पोटभरू_पुणेकर

असे परदेशात गाजलेले अमेरिकन आणखी कोण आहेत? उगाच कुतूहल.

वायव्य_लंडन

पुष्कळ आहेत. वॉकर ब्रदर्स घ्या: तिघे अमेरिकन, तिघांपैकी कुणी कुणाचा भाऊ नाही, वॉकर आडनाव कुणाचंच नाही. १९६५मध्ये लंडनला आले आणि दोन गाणी पहिल्या क्रमांकावर नेली. पुढे त्यांच्यातला स्कॉट इथलाच नागरिक झाला. व्हेंचर्स हा वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा गिटारवाला बँड. १९६५च्या दौऱ्यानंतर जपानमध्ये पोरापोराच्या हातात इलेक्ट्रिक गिटार आली. त्यांनी बांधलेल्या चालींवर जपानी शब्द घालून तिथल्या गायकांनी हिट गाणी दिली. आणि अलीकडचे न्यू यॉर्कचे सिझर सिस्टर्स, ज्यांचा पहिला आल्बम २००४मध्ये ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वाधिक खपला.

पण या सगळ्यांचा बहर काही वर्षांचा. पन्नास वर्षं नेटाने चालू ठेवणारे फक्त मेल बंधू.

पोटभरू_पुणेकर

धन्यवाद ताई. व्हेंचर्सवर वेगळा धागा काढा कुणीतरी.

वायव्य_लंडन

आता माझा अनुभव लिहूनच टाकते, नाहीतर धागा खाली जाईल. २००८मध्ये त्यांनी लंडनमध्ये एक अचाट प्रकार केला. तोवर निघालेले वीस आल्बम, रोज रात्री एक, पहिल्यापासून क्रमाने, सबंध. एकविसाव्या रात्री नवा कोरा एकविसावा. वीस रात्री इझ्लिंग्टनच्या एका मध्यम हॉलमध्ये, शेवटची शेपर्ड्स बुश एम्पायरमध्ये. अडीचशेच्या वर गाणी बसवायची म्हणजे बाकीच्या वादकांचं काय झालं असेल! मी 'नंबर वन इन हेवन'च्या रात्री गेले होते, कारण त्याच रात्रीचं तिकीट मैत्रिणीकडे जास्तीचं होतं.

रॉन तासभर हलत नाही. खांदे पाडलेले, पांढरा शर्ट, टाय, चेहरा इन्कम टॅक्सच्या कारकुनासारखा. मग 'हेवन'चा वेगवान भाग सुरू झाला आणि तो हळूच उठला. टाय सैल केला. पुढे आला. तोंडभर, अगदी दात दाखवून हसला आणि हात फिरवत, पाय घासत एक विचित्र नाच केला, मिनिटभरसुद्धा नसेल. लगेच परत जागेवर. चेहरा पूर्ववत, जणू काही झालंच नाही. हॉलमध्ये जो गलका झाला तो रसेलच्या कुठल्याही तानेला झाला नाही. माझ्या बाजूला उभा असलेला टक्कल पडलेला माणूस आणि त्याची विशीतली मुलगी दोघंही तो नाच त्याच्याबरोबर करत होते. नंतर कळलं की तो हे दर कार्यक्रमात करतो आणि लोक वाटच बघत असतात.

षड्जपंचम

हे वाचून व्हिडिओ शोधला. पाय घासण्याची लय तंतोतंत ठेक्यात आहे. आव वेंधळ्याचा, पण माणूस पक्का तालात.

शंकासुर

सिनेमाचं कुणी लिहिलं नाही. मला हे दोघं तिकडून कळले. लिओ काराक्सच्या 'ॲनेट'ची कथा आणि गाणी यांचीच. २०२१च्या कान महोत्सवाचा तो उद्घाटनाचा चित्रपट होता, काराक्सला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी संगीताचा सेझार या भावांना. त्याच वर्षी, म्हणजे २०२१मध्येच, एड्गर राइटने त्यांच्यावर 'द स्पार्क्स ब्रदर्स' हा माहितीपट काढला. नावात तो ग्रॉसमनचा 'ब्रदर्स' शेवटी घुसलाच. आणि गंमत बघा, फ्रेंच दिग्दर्शक, फ्रेंच पुरस्कार, माहितीपट काढणारा इंग्रज. अमेरिकनांनी काय केलं?

एलएचा_पाटील

'ॲनेट'चा नायक ॲडम ड्रायव्हर दिला की!

टेपवाला

हा हा. पाटील, मान्य.

त्या माहितीपटात न्यू ऑर्डर, ड्युरॅन ड्युरॅन, बेक, फ्ली असे गाणारे-वाजवणारे एकेक येऊन सांगतात की आम्ही यांच्याकडून काय उचललं. पॉल मॅकार्टनीने तर १९८०मध्येच 'कमिंग अप'च्या व्हिडिओत रॉनची नक्कल केली होती. मिशी, टाय, वटारलेले डोळे, सगळं. आणि क्वीनच्या ब्रायन मेने नंतर सांगितलंय की 'धिस टाउन' गाजत असताना हे दोघं त्याला आपल्या बँडमध्ये ये म्हणायला घरी गेले होते. तो गेला नाही, ते बरंच झालं.

शंकासुर यांना एक शेवटचं. पैसे आणि नाव परदेशात मिळतंय म्हटल्यावर लंडनला बंगला घेऊन बसता आलं असतं. नाही बसले. लॉस अँजलिसच्या घरी बसून गाणी लिहायची आणि विकायची युरोपात, हा क्रम त्यांनी १९७६पासून सोडलेला नाही. अभिरुचीचा प्रश्न असता तर गाणी हळूहळू इंग्रजाळली असती. झालं उलटंच. गाण्यांत हॉलिवूडच्या नट्या, डिस्नेलँड, मिकी माउस, सगळं आपल्या गल्लीतलंच. ब्रिटिशांना तोच माल परदेशी म्हणून गोड लागला.

शंकासुर

'परदेशी म्हणून गोड लागला' यालाच मी अभिरुची म्हणतोय, टेपवाले! पण असो, धाग्याचा शंभरी काथ्याकूट करायचा नाहीये.

अबोली_सांगली

भांडण संपलं असेल तर मला सांगा, कुठून सुरुवात करू? घरी सासूबाई असतात, फार आदळआपट नको.

षड्जपंचम

'नेव्हर टर्न युवर बॅक ऑन मदर अर्थ'. १९७४चंच, संथ, अडीच मिनिटांचं. डेपेश मोडच्या मार्टिन गोरने आणि नंतर नेको केसनेही गायलंय, पण मूळ आधी ऐका. मग 'धिस टाउन', तेही हेडफोन लावून. 'हेवन' शेवटी, कारण ते सात मिनिटांच्या वर आहे आणि पहिली तीन-चार मिनिटं ते नुसतं तरंगत राहतं, खरा वेग नंतर येतो. तिथे बंद करू नका.

वायव्य_लंडन

आणि २०२३चं 'द गर्ल इज क्राइंग इन हर लाटे' बघा, ऐकू नका, बघा. पिवळ्या सूटमध्ये केट ब्लँचेट नाचते, चेहऱ्यावर रॉनचाच निर्विकार भाव. त्या वर्षी ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवात ती प्रत्यक्ष स्टेजवर येऊन नाचून गेली. रॉन तेव्हा ७७ वर्षांचा होता.

अबोली_सांगली

ऐकली तिन्ही. 'मदर अर्थ' सासूबाईंना आवडलं, म्हणाल्या चर्चमधलं आहे का. 'धिस टाउन' मला झेपलं नाही, शब्दच पकडता येत नाहीत, उद्या परत लावणार. केट ब्लँचेटचं मुलाने चार वेळा बघितलं आणि आता घरभर तसाच नाचतोय.

खवचट_आजोबा

मुलाला मिशी काढून द्या काजळाने.